पाण्याखालचं सासर

प्रिय सई आणि निहार,

हे मी मराठीत लिहिते आहे. फोनवर आपण बरंचसं इंग्लिशमध्ये बोलतो आणि त्याला माझी हरकत नाही. मी स्वतः आयुष्यभर इंग्लिश माध्यमाच्या शाळेत सायन्स शिकवलं, तेव्हा कुठल्या तोंडाने तक्रार करू? पण ही गोष्ट इंग्लिशमध्ये लिहायला बसले आणि दुसऱ्या ओळीतच थांबले. तेव्हा हळूहळू वाचा. काही अडलं तर बाबांना विचारा. त्यांचं मत मात्र विचारू नका, ते मला माहीत आहे.

आत्ताच का लिहिते, ते सांगते. गेल्या रविवारच्या कॉलवर बाबांनी धरणाकाठच्या जमिनीचा विषय काढला. आजूबाजूचे तुकडे विकले गेले, तारेची कुंपणं पडली, आपणही देऊन टाकू, असं त्यांचं म्हणणं. निहार म्हणाला, "आजी, तिथे कोणी राहत नाही, नेटवर्क नाही, मग ठेवायची कशाला?" प्रश्न अगदी रास्त होता. मी म्हटलं, लिहून कळवते.

आणि सई, तू ज्या ग्रूपची लिंक पाठवली होतीस, तिथले अमानवीय अनुभव मी वाचले. बहुतेकांत पांढरी साडी आणि शुद्धलेखनाच्या चुका... त्यातल्या दुसऱ्या गोष्टीची मला जास्त भीती वाटली. तरी हे लिहून झालं की तिथेही टाक. अनोळखी लोकांनी वाचलं तर चालेल. पण आधी तुम्ही दोघांनी वाचायचं.

माझा अशा गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. मांजर आडवी गेली तर मी तिला वाट देते, एवढाच माझा आणि शकुनांचा संबंध. शाळेत मुली परीक्षेला अंगारा घेऊन यायच्या, त्यांना मी म्हणायची, प्रश्नपत्रिका काढणाऱ्यालाही लावून या. अशी मी. आजही तशीच आहे. फक्त एका उन्हाळ्यातले दोन दिवस माझ्या हिशेबात कुठेच बसत नाहीत.

तुमच्या आजोबांचं गाव वडसावळी. स्वारगेटहून एसटी मिळते. शहर संपतं, मग फार्महाउसच्या पाट्या लागतात, मग त्याही विरळ होतात आणि शेवटी डाव्या हाताला पाणी दिसायला लागतं. धरणाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या रविवारी लोक कॅमेरे घेऊन हजर. ग्रामपंचायत एक, वाड्या चार, आणि त्या चारही वाड्यांत मिळून माणसं किती, हे सरपंचालाही बोटांवर मोजून सांगता येईल अशी अवस्था. शाळेला कुलूप. पंचायतीच्या ऑफिसला नवा गुलाबी रंग आणि बाहेर बसलेलं एक कुत्रं. तरुण माणसं खराडीला, हिंजवडीला ऑफिसांत रखवालदार किंवा ड्रायव्हर. मागे राहिलेली म्हातारी माणसं दुपारी ओट्यावर बसून पाण्याकडे बघत असतात. पहिल्यांदा मला वाटलं, किती छान व्ह्यू आहे यांना. मग कळलं की ती पाण्याकडे बघत नसतात. पाण्याखाली बघत असतात.

कारण खरं गाव पाण्यात आहे. धरण झालं तेव्हा सगळ्यांना उठवून वरच्या उतारावर आणलं. घरांची लाकडं, कौलं काढून नेली. दगडी चौथरे तिथेच राहिले. त्या चौथऱ्याला जोतं म्हणतात. दर वर्षी मे महिन्यात पाणी खाली उतरलं की जोती एक एक करून वर येतात. वरून पाहिलं तर मोठ्या कागदावर घरांचे नकाशे काढून ठेवल्यासारखी दिसतात.

आणि तिथे एक रीत होती – मी दुसऱ्या कुठल्याही गावात पाहिली नाही. आपलं जोतं वर आलं की त्या घरच्या बाईने खाली उतरायचं, साचलेला गाळ खरवडायचा, आणि राहतं घर असल्यासारखं ते सारवायचं. म्हणजे शेण पाण्यात कालवून हाताने जमिनीवर अर्धगोल फिरवत पसरायचं; वाळलं की जमिनीवर पंख्यासारखी नक्षी उमटते, बोटांच्या रेघा दिसतात. आतल्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची, मागे मागे सरकत उंबऱ्यापाशी संपवायचं. वाळलं की उजव्या पायाने उंबरा ओलांडून आत जायचं आणि देवघराच्या दगडावर दिवा लावायचा. याला म्हणायचे 'जोतं जागवणं'. घर वर्षभर पाण्यात झोपतं, त्याला एक दिवस जागं करायचं. दुसऱ्याच्या जोत्याला कुणी हात लावत नसे. घरची बाई गेली, किंवा घर गाव सोडून गेलं, की ते जोतं तसंच गाळात राहायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा खूप बायका खाली उतरायच्या. नंतर दर वर्षी थोड्या थोड्या कमी होत गेल्या.

आपल्या जोत्याची बाई म्हणजे माझ्या सासूबाई, तुमच्या पणजी. तिकडच्या पद्धतीप्रमाणे आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो. ठेंगण्या, काटक, कपाळभर कुंकू. ते पुसल्यावरही तिथलं कातडं वेगळ्या रंगाचं दिसायचं. मी शनिवार पेठेतली, शिकलेली, आणि वर नोकरी करणारी. त्यामुळे त्या मला सूनबाई वगैरे कधी म्हणाल्या नाहीत. 'मास्तरीण' म्हणायच्या. "मास्तरणीला इचारा, तिला म्हाईत आसंल," हे वाक्य मला काहीच माहीत नसतं तेव्हाच त्या उच्चारत.

त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं. लग्नानंतर लगेच, भात कापताना विळा लागला होता. त्यामुळे त्यांनी सारवलेली जमीन कुणालाही ओळखू यायची. पंख्याच्या रेघांमध्ये मधोमध एक कोरी पट्टी असायची. आजोबा गमतीने म्हणायचे, आईची सही आहे ती.

जोतं जागवायला त्या एकट्या जायच्या. मला किंवा माझ्या धाकट्या जावेला, हिराला – तुमच्या हिराआजीला – वरच उभं राहायला सांगायच्या. आमची लग्नं घर बुडाल्यानंतरची. "तुमी त्या घरात आलाच न्हाई," म्हणायच्या. त्यात राग नसायचा. खरंच होतं ते. आम्हा दोघींचं माप वरच्या पत्र्याच्या घरात ओलांडलेलं.

त्या वर्षी मार्चमध्ये आत्याबाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय काही टेकेना. आम्ही त्यांना कोथरूडच्या आपल्या फ्लॅटवर आणलं, तुम्ही आलात की झोपता त्या खोलीत. मे महिना लागला आणि त्यांचं सुरू झालं. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "पाणी उतरलं का?"

आजोबा इंजिनियर, त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, आई, या वर्षी राहू दे. त्यांनी मान डोलावली. मात्र जेवण कमी झालं, मग चहा कमी झाला. डॉक्टर म्हणाले वय झालं आहे. वय तर सगळ्यांचंच होतं, त्यात त्यांनी नवीन काय सांगितलं?

एक दिवस पंचायतीच्या ऑफिसातून हिराचा फोन आला. जोतं दिसायला लागलं आहे, पण फार दिवस राहायचं नाही. वरच्या धरणातून पाणी सोडणार असं पंचायतीत आलं आहे. शहराला पाणी कमी पडत होतं. म्हणजे आपल्यालाच. हे तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहिते... कोथरूडच्या घरी नळाला येतं ते पाणी त्या उंबऱ्यावरून वाहत येतं.

मी आत्याबाईंना म्हटलं, मी आणि हिरा जाऊन सारवून येतो. त्यांनी छताकडची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "हात दाव."

मी हात पुढे केला. त्यांनी तो पालथा करून बघितला, जसं काही बाजारात भेंडी निवडतायत. मग पलंगाच्या चादरीवर आपला हात ठेवून फिरवून दाखवला. मनगट हलवायचं नाही, खांद्यातून फिरवायचं. मी करून दाखवलं. "फळा पुसतीयास व्हय?" म्हणाल्या. मी पुन्हा केलं. असं दुपारभर चाललं होतं. चहा देताना आजोबा दारात उभे राहून हसले, आणि मग डोळे पुसत आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी निघाले. आत्याबाईंजवळ आजोबा बसणार होते. निघताना मी नमस्कार केला, तर त्या झोपेत होत्या.

हिरा फाट्यावर शेणाची बादली आणि खराटा घेऊन उभी होती. आपल्या जमिनीतून खाली पाण्याकडे जी पायवाट जाते, तिने आम्ही उतरलो. खाली भेगाळलेली जमीन, त्यापुढे चिखल, मेलेले शिंपले, आणि वाऱ्याला एक कुबट वास. आजूबाजूची जोती गाळाने माखलेली. त्या वर्षी खाली दुसरं कोणीच आलं नव्हतं. आपलं जोतं सर्वांत पाण्याजवळ. तिथवर पोचायला घोट्याएवढा चिखल तुडवावा लागला. माझा एक पाय रुतला, हिराने ओढून काढला, वर म्हणाली, "अक्का, येवढ्यातच बसला तर पुण्याला काय सांगू मी?"

आणि मग ती जागीच थांबली.

जोतं सारवलेलं होतं.

पूर्ण. कोपरा न् कोपरा. गाळाचा ठिपका नाही. आणि ओलं... नुकताच हात उचलून कुणी बाजूला झालं असावं इतकं ओलं, ऊन त्यावर चमकत होतं. ताज्या शेणाचा वास येत होता. माझं पहिलं वाक्य होतं, "कुणी केलं हे?" – अगदी वर्गात विचारावं तसं. हिरा पुढे झाली. बादली खाली ठेवली, वाकली, आणि उंबऱ्याजवळच्या शेवटच्या पंख्याकडे बोट दाखवलं.

रेघांमध्ये मधोमध कोरी पट्टी होती.

मी त्या जोत्याला सगळ्या बाजूंनी चालत फेरी मारली. चिखलात आम्हा दोघींच्या पावलांशिवाय पाऊल नव्हतं, बगळ्याचंसुद्धा नाही. मी हिराकडे संशयाने पाहिलं, हे कबूल करते. आत्याबाईंचा हात हुबेहूब उतरवू शकेल अशी तीच होती. तिला ते कळलं.

"अक्का," ती शांतपणे म्हणाली, "मला सारवायची चोरी हाय का? मी केलं आसतं तर सरळ केलं आसतं. बोट राखून कशाला करीन?" आणि मग बादलीकडे बघून, "आन् ही भरलेली बादली मग डोंगरावनं मिरवत आणली व्हय?"

बादली काठोकाठ भरलेली होती.

आता इथे आम्ही जे केलं ते नीट वाचा. तुम्ही पुण्याला आलात की ओल्या फरशीवर पाय देता आणि मी ओरडते, आठवतं? पाय उमटतात, वाळल्याशिवाय जायचं नाही. हे मला माझ्या आईने शिकवलं, हिराला तिच्या आईने. आपल्याकडे कुठल्याही घरातली बाई ओल्या सारवणावर पाय देणार नाही. समोर काय आहे याची भीती वाटत असतानाही आम्हा दोघींच्या मनात आलं ते एवढंच – वाळू दे. मेच्या उन्हात सारवण वाळायला कितीसा वेळ लागतो? आम्ही उंबऱ्याबाहेर पदर डोक्यावर घेऊन बसलो. दिवा, तेल, वात माझ्या पिशवीत तयार.

ते वाळलं नाही.

सूर्य डोक्यावर आला, कलला. आजूबाजूचा चिखल वाळून त्याला पापुद्रे सुटले, आमच्या पायांवरचा वाळून झडला. ते सारवण मात्र जसंच्या तसं. मधेच हिरा म्हणाली, आतनं कुणी बोलवतंय असं वाटतंय का तुम्हाला? मी म्हटलं, वारा आहे. वारा होताच. मग वरच्या बाजूने भोंगा वाजला, पाणी सोडल्याचा. पाणी लगेच येत नाही, पण चिखल आधी फुगतो, ते हिराला माहीत होतं. तिने मला उठवलं. दिवा न लावता आम्ही वर आलो आणि मी शेवटच्या एसटीत बसले. फोनला रेंज नव्हती, आणि सांगायचं तरी काय होतं?

घरी पोचले तेव्हा आजोबांनी दार उघडलं आणि माझ्या आधी तेच बोलायला लागले. आई सकाळपासून झोपूनच होती, म्हणाले. फक्त सकाळी बराच वेळ तिचा हात चादरीवर फिरत होता. आणि खोलीत शेणाचा वास येत होता. त्यांना वाटलं आईला बेडवरच झालं, म्हणून त्यांनी चादर वगैरे सगळं तपासलं. काही नव्हतं. खिडकी उघडली तरी वास जाईना, मग दुपारनंतर आपोआप गेला. कुणाचा फोन आला होता का, मी विचारलं. नव्हता.

मी पाय धुऊन आत गेले. आत्याबाई जाग्या होत्या. माझ्याकडे इतक्या रागाने त्यांनी कधीच बघितलं नव्हतं.

"उंबऱ्याभायेर बसून ऱ्हायलात दोघी," त्या म्हणाल्या. "दीसभर. किती हाका मारल्या आत या म्हनून."

मी म्हटलं, "सारवण ओलं होतं, आत्याबाई."

"मग?" त्यांचा आवाज खाली आला. "नवी सून येती, तवा पाय उमटाया नगं का?"

एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या संध्याकाळी त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. मी चमचा ओठांशी नेला तर ओठ मिटून घेतले. रागाने नव्हे... ज्या घरात आपलं काम अर्धवट राहिलं आहे तिथून उठून जेवायला कसं जायचं, तसं काहीतरी.

आजोबा दारात उभे राहून सगळं ऐकत होते. माझ्यापेक्षा कडक नास्तिक माणूस. मला वाटलं आता म्हणतील, म्हातारपणी भ्रम होतो. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "उद्या पहिल्या गाडीने जा. पाणी चढायच्या आत."

गेले. या वेळी हिराच्या हातात बादली नव्हती. कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. पाणी रात्रीतून चढलं होतं. बाकीची बरीच जोती गेली होती. आपलं, जे सर्वांत पाण्याजवळ, ते खरं तर सगळ्यात आधी बुडायला हवं होतं. ते उघडं होतं. भोवती गुडघाभर पाणी, आणि मधे ते. कदाचित त्याचा चौथरा उंच असेल. मी मोजलेलं नाही. हिरा काठीने चाचपत पुढे, मी तिचा खांदा धरून मागे. तेव्हाही माझे गुडघे दुखायचे. पाण्याखाली चिखल पाय धरून ठेवत होता, आणि मला पहिल्यांदाच स्पष्ट वाटलं की आम्ही दोघी म्हाताऱ्या बायका इथे बुडलो तर कुणाला कळणारही नाही. वर उतारावर एक माणूस दिसत नव्हता.

जोत्यावर सारवण अजून ओलंच होतं.

उंबऱ्यापाशी हिराने कापड सोडलं. आत पितळी माप होतं, तांदळाने भरलेलं. ते तिने उंबऱ्यावर ठेवलं, माझा पदर नीट डोक्यावर घेतला, आणि म्हणाली, "उजवा पाय, अक्का. आधी तुमी, मग मी. थोरली पहिली."

मला हसू आलं आणि रडूही आलं. साठी उलटलेली मी, गुडघ्यांपर्यंत चिखलाने माखलेली. उजव्या पायाने माप लवंडलं. तांदूळ आत सांडले. ओल्या सारवणावर पाय टेकवला, आणि तो उमटला.

आता पुढचं मी जसं झालं तसं लिहिते. त्यात माझ्या पदरचं काही नाही. आत गेल्याबरोबर डोक्यावरचं ऊन लागेनासं झालं. वर आकाश होतं, उजेड होता, पण डोक्यावर छप्पर असताना जशी सावली अंगाला जाणवते, तसा गारवा. वारा थांबला. पाण्याचा आवाज थांबला. चुलीचा धूर बसलेल्या लाकडाचा वास आला. वरच्या घरात पत्रे आहेत, तिथे मला तो कधी आला नव्हता. मी देवघराच्या दगडापर्यंत गेले, दिवा ठेवला, काडी ओढली. एका काडीत लागला. ज्योत सरळ उभी राहिली, जराही हलली नाही. मी वळून पाहिलं, तर उंबऱ्याबाहेर हिरा उभी होती आणि तिचा पदर वाऱ्याने फडफडत होता.

मग हिराने रिकामं माप पुन्हा ओंजळभर तांदूळ घालून उभं केलं, लवंडलं, आणि आत आली. दोन पावलं आली आणि थांबली. तिने मान वर केली, जणू आढ्याकडे बघतेय. आम्ही दोघींनी नमस्कार केला आणि बाहेर पडलो. उंबरा ओलांडताच ऊन टाळूवर आपटलं.

अर्ध्या उतारावरून मागे वळून बघितलं तेव्हा जोतं पाण्याखाली गेलं होतं. दिवा दिसला का, हे सई नक्की विचारेल. नाही. फक्त पाणी होतं.

घरी आले. आत्याबाई उशीला टेकून बसल्या होत्या. आजोबा त्यांना चहात बुडवून बिस्कीट भरवत होते. मला बघून त्यांनी विचारलं, "आलीस घरी?"

"आले," मी म्हटलं.

"मग झालं."

त्यानंतर त्यांनी पाण्याचं नाव कधी काढलं नाही. श्रावणात गेल्या, दुपारी, झोपेत, काही त्रास न होता. त्यांच्या जाण्यात काही गूढ नव्हतं. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला एकदा नावाने हाक मारली, मास्तरीण न म्हणता. मला आधी कळलंच नाही की मला बोलावतायत.

मी हे सगळं खूप वेळा तपासून पाहिलं आहे. तहान, ऊन, भीती, दोघींना एकाच वेळी झालेला भास – ही सगळी स्पष्टीकरणं मला येतात, मी विद्यार्थ्यांना दिलीही असती. पण आजोबांना कोथरूडमध्ये आलेला वास त्यात बसत नाही. आम्ही उंबऱ्याबाहेर बसून होतो हे आत्याबाईंना कसं कळलं, ते बसत नाही. आजोबांशी मी एकदाच हा विषय काढला. ते म्हणाले, "त्या घरात माझा जन्म झाला, मी काय सांगू?" आणि पेपर वर धरला. पेपर उलटा होता. आता तेही नाहीत.

पुढच्या मे महिन्यात जोतं वर आलं ते गाळाने भरलेलं, इतरांसारखंच. मी आणि हिराने खरवडलं, सारवलं. माझा हात फळा पुसल्यासारखाच फिरतो. पंख्यात चारही बोटं उमटतात, सही नाही. तेव्हापासून दर वर्षी जातो. ना कधी हाक आली, ना सावली. वाळायला जितका वेळ लागतो तितकाच लागतो. आता खाली उतरणाऱ्या आम्ही दोघीच. गेल्या वर्षी हिराला धाप लागली, मला परत चढताना तीनदा बसावं लागलं. वर चारी वाड्यांत दिवे आणखी कमी झाले आहेत. ग्रामपंचायत आहे, पण तिचा बोर्ड वाचायला कोणी नाही.

म्हणून, निहार, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्या जमिनीत काही पिकत नाही, घर बांधण्यासारखी ती नाही, आणि नेटवर्क खरंच नाही. पण दोन्ही बाजूंना तारा पडल्यापासून पाण्याकडे उतरणारी वाट फक्त त्या एका तुकड्यातून उरली आहे. तिथे कुंपण पडलं की आत्याबाईंचं घर वर आलं तरी त्याच्यापर्यंत कुणाला जाता येणार नाही. तुम्ही तिथे यावं, सारवावं, असं मी म्हणत नाही. तुमचं आयुष्य तिकडे आहे आणि ते चांगलं आहे. जमिनीच्या कागदावर सही होण्याआधी तुम्हाला हे माहीत असावं, इतकंच. बाबांना सांगायचं ते मी वेगळं सांगेन, आणि त्यांना ते आवडणार नाही.

गेल्या मे महिन्यात मी बघून आले आहे. जोत्याचा एक कोपरा ढासळला आहे. उंबरा शाबूत आहे. देवघराच्या दगडावर दिव्याचा काळा डाग आहे. इतकी वर्षं पाण्यात राहूनही तो गेलेला नाही. पितळी माप हिराकडे, तिच्या डब्यांच्या मागे, कापडात गुंडाळून ठेवलेलं आहे. आणि वाट अजून आपली आहे.

तुमची,
आजी